झाकणभर २,४-डी आणि एकरी वीस क्विंटलची थाप

परवा सकाळी सहाला मामांचा फोन आला. तीन दिवसांची झड लागलेली, त्यात एवढ्या सकाळी फोन, म्हणून जीव धसकला. तर मामा म्हणाले, "तो मेसेज पाह्यला का बे? पातीगळीचं औषध सांगतलं त्याच्यात. मी म्हणलं तुले इचारून मंग टाकाव फवाऱ्यात."

मेसेज पाहिला. तोपर्यंत तो माझ्याकडेही तीन गटांवरून येऊन पडला होता. वर मथळा ‘पऱ्हाटीचं गुपित : एकरी २० क्विंटल’ (पऱ्हाटी म्हणजे कपाशी), खाली सहा सूत्रं, आणि शेवटी नेहमीचं शेपूट : ‘कृषी विद्यापीठं हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’. सूत्रं थोडक्यात अशी. एक, पऱ्हाटी जितकी उंच तितकी बोंडं जास्त, म्हणून दर पंधरा दिवसांनी एकरी एक पोतं युरिया टाका आणि झाड सहा फूट न्या. दोन, पातीगळ (म्हणजे कळ्या गळणं) थांबवायला पंधरा लिटरच्या पंपात झाकणभर २,४-डी टाका. तीन, चाळिसाव्या दिवशी शेंडा खुडा. चार, वाढ रोखणारी औषधं मारू नका, जमीन नापीक होते. पाच, लाल्या (पानं लाल पडणं) हा व्हायरस आहे, झाडं उपटून जाळा. सहा, मार्चपर्यंत फरदड घ्या, म्हणजे वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी उभी ठेवून पुन्हा कापूस घ्या.

झाड सहा फूट न्यायचं आणि चाळिसाव्या दिवशी शेंडाही खुडायचा, ही दोन्ही कामं एकाच झाडावर कशी करायची ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

आधी दुसरं सूत्र घेतो, कारण बाकीच्या पाचांनी पैसा आणि वेळ जाईल, या एकाने हंगामच जाईल.

२,४-डी हे तणनाशक आहे. रुंद पानाचं तण मारतं आणि गवताच्या कुळातल्या पिकांना सहसा सोडतं, म्हणून ज्वारी, मका, गहू, ऊस यांत चालतं. पऱ्हाटीचं पान तळहाताएवढं रुंद. खरं तर इथेच विषय संपायला हवा. पण मेसेज लिहिणाऱ्याने एक जोडकाम केलंय : ‘२,४-डी हे मुळात संप्रेरक आहे, संत्र्याची फळगळ त्यानेच थांबते.’ आणि पंचाईत अशी, की हे वाक्य खोटं नाही. २,४-डी हे कृत्रिम ऑक्सिन, म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. नागपुरी संत्र्याच्या फळगळीवर १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम २,४-डी आणि १ किलो युरिया ही शिफारस आमच्याकडच्या बागायतदाराला पाढ्यासारखी पाठ असते. कपाशीच्या पातीगळीवर जे एनएए नावाचं संप्रेरक फवारतात तेही ऑक्सिनच. यावरून याने ठरवलं, की संत्र्याला चाललं ते पऱ्हाटीला चालेल आणि मोजमाप झाकणाने केलं तरी भागेल.

आता झाकणाचा हिशेब करा. १०० लिटरला १.५ ग्रॅम म्हणजे १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग). झाकण १५ मिलीचं धरा. डब्यात ५८ टक्क्यांचं अमाइन सॉल्ट असेल तर त्या झाकणात ८.७ ग्रॅम औषध आलं. पंधरा लिटर पाण्यात ते ५८० पीपीएम होतं. संत्र्याच्या मात्रेच्या जवळजवळ ३९ पट! आणि ‘मग पऱ्हाटीवर १५ पीपीएम मारू का’ असंही कोणी विचारू नका. या औषधाला सगळ्यात हळव्या असलेल्या पिकांत कपाशी मोडते. तिला झाकण लागतच नाही. न धुतलेल्या पंपाच्या नळीत राहिलेला अंश पुरतो, शेजारच्या उसावर मारलेल्याची वाऱ्याने आलेली वाफ पुरते. पानं अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखी चिरटी होतात, शिरा एकमेकींजवळ येतात, देठ पिळवटतात, पात्या गळतात. मग लोक त्याला रोग समजून वरून आणखी दोन औषधं मारतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एके वर्षी आम्हीच धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं तण मारलं, पंप नुसत्या पाण्याने विसळला आणि दुसऱ्या दिवशी तोच घेऊन तुडतुड्यांसाठी पऱ्हाटीत शिरलो. पहिली चार तासं, म्हणजे झाडांच्या चार ओळी गेल्या. पाचव्या तासापासून पंपातला अंश कमी होत गेला असावा, कारण पुढची पऱ्हाटी तगली. त्या चार तासांकडे दिवाळीपर्यंत रोज बघावं लागलं. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्याच्या टाकीवर लाल पट्टी मारलीय आणि तो कोणालाही उसना देत नाही.

मामांना मात्र माझ्या चार तासांनी पटलं नसतं, म्हणून त्यांना म्हटलं, डब्यावरचा कागद वाचा. कोणतं औषध कोणत्या पिकावर मारायचं याची देशात एक यादी आहे, ती केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती ठरवते. २,४-डीच्या नोंदीत मका, ज्वारी, गहू, ऊस अशी पिकं आहेत. कपाशी नाही. अमेरिकेत कापसावर हे औषध मारता यावं म्हणून कंपनीला ते पचवणारा परका जनुक घालून वेगळं वाण तयार करावं लागलं. साध्या कपाशीला झाकणभर चाललं असतं तर हा खटाटोप कोणी केला असता का? आपल्याकडचं बीटी, म्हणजे बाहेरचा जनुक घातलेलं वाण, बोंडअळीसाठीचं आहे, त्याचा तणनाशकाशी काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आपलं तर बीटी हाये’ हे उत्तरही मला फोनवर मिळालं.

बरं, मुळात पातीगळ हा दर वेळी आजार असतो का? कपाशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पात्या धरते आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त स्वतःच टाकते. झड लागली की ऊन नाही, पानात अन्न तयार होत नाही, मुळाशी पाणी साचलेलं. अशा वेळी झाड पोसता येतील तेवढीच ठेवतं. पाऊस उघडून चार दिवस ऊन पडलं की नवीन पात्या दिसायला लागतात. खाली पडलेल्या पंचवीस-तीस पात्या उचलून बघायच्या. भोक असेल, आत विष्ठा असेल, बाहेरची हिरवी पाकळी फिस्कारलेली असेल तर अळी आहे, तिचा बंदोबस्त करा. पाती स्वच्छ असेल तर आधी शेतातलं पाणी काढा. त्यानंतरही गरज वाटली तर एनएए, तेही कपाशीसाठी लेबलवर लिहिलेल्या मात्रेत आणि मापाने.

आता उंचीची गोष्ट. हा मेसेजचा पाया आहे आणि तोच पोकळ आहे. एका बोंडातून साडेचार ग्रॅम कापूस धरा. २० क्विंटलला साडेचार लाखाच्या आसपास बोंडं लागतात. चार बाय दीड फुटावर एकरात ७,२६० झाडं बसतात, म्हणजे प्रत्येक झाडाला ६१ बोंडं, सगळी धरलेली, सगळी फुटलेली, एकही किडकं नाही. राज्याची सरासरी एकरी चार-पाच क्विंटलच्या आसपास फिरते, तिथे कोरडवाहू शेतात हे गणित कोणी बघितलंय? उलट ९० बाय १५ सेंटिमीटरवर एकरात जवळपास ३० हजार झाडं येतात आणि झाडामागे पंधरा बोंडांत तोच आकडा गाठता येतो, निदान कागदावर. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हलक्या-मध्यम जमिनीसाठी सघन लागवड सांगते ती याच हिशेबाने. त्यात झाड बुटकंच ठेवायचं असतं.

शिवाय पाती दिसल्यापासून फूल यायला तीनेक आठवडे आणि फुलाचं बोंड फुटायला आणखी पन्नासेक दिवस. सहा फुटांवरच्या शेंड्याला ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलेली पाती डिसेंबरच्या मध्यात कुठे फुटणार. तोपर्यंत कोरडवाहू जमिनीत ओल उरलेली असते का? माजलेल्या पऱ्हाटीत खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, खालची बोंडं सडतात आणि वरची भरत नाहीत. युरियाचंही तसंच. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतं. पंधरा दिवसाला एक या हिशेबाने तीन महिन्यांत एकरी सहा पोती, म्हणजे हेक्टरी तीनशे किलोच्या वर. विद्यापीठांच्या शिफारशी बागायती बीटीलाही याच्या निम्म्यावर थांबतात. वरचं नत्र तुडतुडे आणि पांढऱ्या माशीच्या कामी येतं.

आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने तरी ‘सहा फूट’ हे शब्द वाचून थांबायला हवं होतं. २०१७ च्या हंगामात इथे फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं बरीच होती, अंगावर संरक्षण नसणं, औषधांची वाट्टेल तशी मिश्रणं. पण त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याला लागली होती आणि नोझल छातीच्या वर धरून मारलेलं औषध तोंडावर येत होतं, हेही तेव्हाच्या बातम्यांत वारंवार आलं. कमरेएवढ्या झाडात फवारणारा माणूस निदान तुषारांच्या वर असतो.

वाढरोधकांनी जमीन नापीक होते, हे चौथं सूत्र. मेपिक्वाट क्लोराइड हे वाढरोधक झाडातलं जिबरेलिन, म्हणजे उंची वाढवणारं संप्रेरक, तयार होणं कमी करतं, त्यामुळे दोन पेरांतलं अंतर आखूड होतं. जमीन नापीक होण्याचा इथे संबंध काय? मात्र एक खरं आहे : पावसाचा खंड पडलेला, झाड आधीच खुरटलेलं आणि त्यावर हे मारलं, तर नुकसान होतं. जमिनीत ओल आणि झाड जोमात असेल तरच मारायचं.

शेंडा खुडण्याबद्दल मला थोडं मागे यावं लागेल. कल्पना चुकीची नाही. दादा लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्रात गळफांद्या (बुंध्याजवळच्या, नुसत्या वाढणाऱ्या फांद्या) काढतात आणि पुढे शेंडाही खुडतात, आणि जोमदार पिकात त्याचा फायदा झालेले शेतकरी मी पाहिलेत. पण चाळिसाव्या दिवशी खुडायच्या त्या गळफांद्या. शेंड्याची वेळ ऐंशी-नव्वद दिवसांच्या आसपास, झाड पुरेसं वाढल्यावर. मेसेजवाल्याने दोन कामांची सरमिसळ केली. चाळिसाव्या दिवशी शेंडा गेला तर फळफांद्या, म्हणजे बोंडं धरणाऱ्या फांद्या, येणार कशावर?

उरलेली दोन पटकन. लाल्या व्हायरस नाही. मॅग्नेशियमची कमतरता, बोंडं भरताना नत्र कमी पडणं, साचलेलं पाणी, थंड रात्री, तुडतुडे, यातलं काहीतरी असतं. झाडं जाळण्याऐवजी मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का आणि डीएपी खत २ टक्के फवारून बघा, तेही लवकर. पान पूर्ण लाल झाल्यावर उपयोग नाही. फरदडीबद्दल गुलाबी बोंडअळीने २०१७-१८ मध्ये जे शिकवलं ते ज्याला आठवत नाही, त्याला मी काय सांगणार. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, डबा आणला नाही अजून, पण मेसेज काल रात्रीच गावच्या दोन गटांवर टाकलाय. म्हटलं, मग आता हेही टाका त्याच गटांवर.

"एवढं लांब कोन वाचते बे?"

"नुसतं झाकणाचं तेवढं टाका."