अग्निशामक घेतला, पुढे काय?

इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर अग्निशामक, म्हणजे आग विझवायचा सिलिंडर, आणि स्वयंसेवकांचं पथक हवं, हे एका लेखातलं म्हणणं पटलं. पण सिलिंडर भिंतीला टांगला की काम संपलं असं लोक धरून चालतात, म्हणून थोडी भर.

पावडरच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनेचं सील शाबूत आहे का, हे महिन्यातून एकदा बघा. नळीचं तोंडही बघा, त्यात किडे घर करतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला मात्र काटा नसतो, तो वजनावरच तपासावा लागतो. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर पुन्हा भरून घ्यायचा.

सरावासाठी पावडरचा सिलिंडर दोन सेकंद जरी उडवला, तरी तो परत टांगू नका! पावडरचे कण झडपेत अडकतात, दाब हळूहळू निघून जातो आणि ऐन वेळी खटका दाबला तर फक्त फुस्स.

सहा किलोची पावडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद पुरते. दोन-तीन मीटरवरून, ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी मारायची. बाहेरची वाट कायम पाठीशी ठेवा. कढईतल्या पेटत्या तेलावर जवळून मारलीत तर तेल उडतं. तिथे गॅस बंद करून झाकणच बरं.

आणि पथकातला एक माणूस फाटकावर हवाच. बंब येतो, पण वाटेत लावलेल्या गाड्या हटवायला कुणी नसतं.