डिबेट कॅम्प कसा निवडावा (पोराला न विचारता)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, कॅम्पला जाणार पोरगं असलं तरी कॅम्प तुमचा आहे. फॉर्म तुम्ही भरणार, पैसे तुम्ही भरणार, आणि नंतर चार ओळखीच्यांत "आमचा ना, अमुक युनिव्हर्सिटीच्या डिबेट कॅम्पला गेलाय" हे वाक्य सहज म्हणून तुम्हीच टाकणार, मग निवड त्याने कशाला करायची? त्याला तर नुसतं बोलायचंय.

तर पहिलं म्हणजे नाव. युनिव्हर्सिटीचं नाव दिसलं की पुढचं वाचायचं बंद. अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांचे हे उन्हाळी डिबेट कॅम्प बरेचसे युनिव्हर्सिटीच्या आवारात भरतात, त्यातले काही तिथली स्वतःची डिबेट टीम चालवते आणि काहींनी सुट्टीत रिकामे पडलेले वर्ग आणि हॉस्टेल नुसतं भाड्याने घेतलेलं असतं. दोन्हीच्या ब्रोशरवर इमारत तीच, हिरवळ तीच, हिरवळीवर हसत बसलेली पोरंही बहुतेक तीच. हा फरक विचारत बसू नका, उगाच समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

मग कुणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की अहो डिबेटचे प्रकार असतात, आधी प्रकार ठरवा. दुर्लक्ष करा. आता असतात प्रकार, नाही कोण म्हणतंय. पॉलिसी डिबेटमध्ये दोघा-दोघांच्या टीम आणि वर्षभर एकच विषय, मुख्य भाषणं आठ-आठ मिनिटांची, त्यामुळे कॅम्पमध्ये येणाऱ्या वर्षाच्या विषयावर लायब्ररी पालथी घालायची. लिंकन-डग्लसमध्ये एकास एक, विषय दर दोन महिन्यांनी बदलणार, आणि मूल्यं, नीती, न्याय असली जड चर्चा जास्त. पब्लिक फोरम २००२ मध्ये मुद्दाम अशासाठी सुरू केलं की डिबेटमधलं काहीही न कळणारा साधा माणूस जज म्हणून बसवला तरी त्याला समजावं. ब्रिटिश पार्लमेंटरीत एकाच खोलीत चार टीम, विषय हातात पडल्यावर तयारीला १५ मिनिटं. म्हणजे एकात महिनोन्‌महिने फायली जमवायच्या आणि दुसऱ्यात फायलीला हात लावायलाही वेळ नाही, पण तुम्ही म्हणा "डिबेट ते डिबेट". पोहायला शिकायचंय त्याला सायकलच्या क्लासला घातलं तरी व्यायाम होतोच की. शाळेच्या टीममध्ये तो कुठला प्रकार खेळतो हे त्याच्या कोचला एका फोनवर कळलं असतं, पण फोन कशाला करायचा, कोचलाही सुट्टी असते.

ट्रॉफ्या मोजा. कॅम्पच्या पानावर "आमचे माजी विद्यार्थी" म्हणून जी यादी असते ती वाचून छाती भरून येऊ द्या. त्यातला पोरगा त्या कॅम्पला आठ दिवस गेला होता की चार वर्षं, आणि जिंकला तो कॅम्पमुळे की वर्षभर शाळेच्या कोचने घासून घेतलं म्हणून, असले प्रश्न कोत्या मनाचे लोक विचारतात. एकच पोरगं तीन कॅम्पच्या यादीत सापडलं तर तीनही कॅम्प चांगले समजायचे. हरणाऱ्यांची यादी कुठेच नसते, म्हणजे कुणी हरलंच नाही, हिशोब सोपा आहे.

ज्याच्या नावाने तो प्रकार चालतो त्या लिंकनचंच बघा ना. १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये सीनेटच्या निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याबरोबर, म्हणजे डग्लसबरोबर, सात ठिकाणी सात डिबेट केल्या, पहिला बोलणार एक तास, दुसरा दीड तास, मग पहिल्याला परत अर्धा तास, लोक उभे राहून ऐकायचे. आणि एवढं करून सीनेटची जागा मिळाली डग्लसला. आजच्या कुठल्याही ब्रोशरमध्ये लिंकनचा फोटो लागला नसता. दोन वर्षांनी तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला हे खरंय, पण ब्रोशर दोन वर्षं थांबत नाही. (त्याच्या नावाच्या स्पर्धेत आता पहिलं भाषण सहा मिनिटांचं असतं. बरंच झालं, दीड तास ऐकून घ्यायला जज मिळाला नसता.)

आता शिकवणार कोण. ब्रोशरच्या पहिल्या पानावर एक मोठं नाव असतं, नॅशनल चॅम्पियन वगैरे, हाताची घडी घातलेला फोटो. तो पुरे. तो माणूस तीन आठवड्यांत एकदा येऊन सगळ्यांसमोर तासभर बोलून जाणार आहे की रोज तुमच्या पोराच्या लॅबमध्ये बसणार आहे हे विचारू नका. लॅब म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पंधरा-वीस पोरांचा गट, त्यांना एक-दोन लॅब लीडर, आणि खरा कॅम्प म्हणजे तीच खोली, बाकी सगळी सजावट. त्या खोलीत कोण असणार ते मार्चमध्ये विचारलं तर "स्टाफ लवकरच जाहीर करू" असं उत्तर येतं, किती विश्वासाने म्हणतात बघा. बऱ्याचदा तिथे नुकतंच शाळेतून बाहेर पडलेलं कॉलेजचं पोरगं असतं. त्यात काही वाईट नाही, काही पोरं मोठ्या नावांपेक्षा कितीतरी छान शिकवतात आणि काही स्वतःच्या जुन्या मॅचेसचे किस्से सांगत दिवस काढतात, पण आपलं कुठलं हे आधी कळलं तर गंमत काय राहिली?

शिक्षकामागे मुलं किती हा आकडा ब्रोशरमध्ये छान दिसतो. तो काढताना हॉस्टेलवर रात्री हजेरी घेणारे, ऑफिसात बसणारे सगळे मोजलेत का, हे विचारू नका. भागाकार ही शुद्ध कला आहे.

आता माझ्या लाडक्या मुद्द्यावर येतो, फाइल. कॅम्प संपल्यावर पोराच्या लॅपटॉपमध्ये शेकडो पानांच्या फायली आल्या पाहिजेत, हजारो आल्या तर सोन्याहून पिवळं. या फायली पुराव्यांच्या, पॉलिसीवाल्यांत त्यातल्या एकेका तुकड्याला कार्ड म्हणतात, म्हणजे कुठल्यातरी लेखातला उतारा कापायचा, वर लेखकाचं नाव आणि तारीख, आणि आत जेवढे शब्द मोठ्याने वाचायचे तेवढे अधोरेखित करायचे. हे काम पोराने स्वतः केलं तर त्याला अख्खा लेख वाचावा लागतो, लेखक नक्की काय म्हणतोय ते कळतं, मग उलटतपासणीत कुणी विचारलं तर उत्तरही देता येतं, म्हणजे किती वेळ वाया. त्यापेक्षा दुसऱ्यांनी कापलेलं आयतं घ्यावं. आयत्या पिठावर रेघोट्या मारायला एवढं छान पीठ दुसरीकडे मिळायचं नाही. ऑक्टोबरमध्ये मॅचमध्ये समोरच्या मुलीने शांतपणे विचारलं की "हा लेखक पुढच्याच परिच्छेदात उलटं म्हणतोय, वाचलायस का", तर पोराने पाण्याची बाटली उघडायची. बाटली उघडायला तीन-चार सेकंद जातात आणि उलटतपासणी तीनच मिनिटांची असते.

आणि फायलींत शेवट नेहमी जगबुडी असला पाहिजे. पॉलिसी डिबेटमधली ही फार सुंदर परंपरा आहे, विषय रेल्वेचा असो, शिक्षणाचा असो नाहीतर मासेमारीचा, चार पायऱ्यांत अणुयुद्ध. बंदर सुधारलं की व्यापार वाढणार, मग कुणीतरी चिडणार, मग मोठ्या देशांत ताणाताणी आणि मग मनुष्यजात खलास, प्रत्येक पायरीला एकेक कार्ड. पोरगं हे शिकून घरी आलं की खोली आवर म्हटल्यावर काय ऐकायला मिळेल याची तयारी ठेवा.

वेगाचं पण सांगतो. बोलण्याच्या या प्रकाराला स्प्रेडिंग म्हणतात, स्पीड आणि रीडिंग मिळून झालेला शब्द. आपण साधारण बोलतो मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द, ही पोरं तीनशेच्या पुढे जातात, मध्ये श्वास घेतात तो बुडणाऱ्या माणसासारखा. सरावाला दातात पेन धरून वाचायचं, उतारा शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायचा, असले ड्रिल खरंच असतात. मुद्दे इतके टाकायचे की समोरच्याला सगळ्यांना उत्तर देता येऊ नये, आणि ज्याला उत्तर आलं नाही तो मुद्दा आपला. तुमच्या पोराच्या भागातल्या स्पर्धेत जज म्हणून कुणाचीतरी आई बसते, तिला यातलं ओ की ठो कळत नाही? मग तिने सुधारावं. पोराला हळू, नीट, तिच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवणारा कॅम्प असेल तर तो साफ नाकारा, तसं तर काय कुणीही बोलेल.

आपल्याकडे गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, याची वाटणी फार पूर्वीच करून ठेवलीये. खरं काय ते शोधायला चर्चा करतात तो वाद, जिंकण्यासाठी वाट्टेल ते वापरतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच म्हणणं न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा. गौतमाला मार्केटिंग येत नव्हतं. नाहीतर तीन लेव्हलचे तीन कोर्स झाले असते आणि सगळ्यात आधी वितंडाच्या सीट भरल्या असत्या.

किती दिवसांचा घ्यावा? जास्तीत जास्त. दोन आठवड्यांत जे होत नाही ते सहा आठवड्यांत होतं, निदान घर तरी शांत राहतं. पहिल्यांदाच जाणारं पोरगं आहे, शाळेत अजून दोनच मॅच खेळलंय, तर त्याला सगळ्यात लांब आणि सगळ्यात वरच्या लॅबमध्ये टाका. बाकीच्यांचं बोलणं ऐकून त्याला आपली जागा कळेल, आणि जागा एकदा कळली की बरीच पोरं सप्टेंबरमध्ये डिबेट सोडतात, मग पुढच्या वर्षीचा खर्चही वाचतो.

चुकूनही विचारू नका असा एक प्रश्न आहे, तो मी इथे फक्त सावध करायला सांगतोय. रोज पोरगं स्वतः किती मिनिटं उभं राहून बोलणार, आणि बोलल्यावर त्याला कोण काय सांगणार? हे विचारलं की फोनवर पलीकडे जरा शांतता होते. दिवसाचे सहा तास लेक्चर ऐकून आणि रात्री फायली करून झोपायचं, आणि शेवटी कॅम्पच्या स्पर्धेत सहा मॅच खेळून घरी, असं वेळापत्रक असू शकतं, ते तसंच राहू द्यावं.

आमच्या मुलीच्या कॅम्पचं मी हे सगळं बघून निवडलं होतं. नाव, फोटो, ट्रॉफ्या, शिक्षकामागे मुलं किती, सगळं. ते हाताची घडीवाले गृहस्थ तिला एकदा दुरून दिसले. फायली साडेसातशे पानांच्या आल्या, त्या अजून लॅपटॉपमध्ये आहेत, उघडलेल्या नाहीत. तिला आठवते ती एक दुपार, लॅबमधल्या त्या असिस्टंट पोरीने हिचं चार मिनिटांचं उत्तराचं भाषण पाच वेळा करून घेतलं, तेच भाषण, तोच विषय, प्रत्येक वेळी मध्ये थांबवून, "हे वाक्य तू कुणासाठी बोललीस?" पाचव्या वेळेला कागद खाली ठेवून बोलली म्हणे. त्या पोरीचं नाव ब्रोशरमध्ये नव्हतं, मी परत शोधलं. नाव नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी कॅम्प निवडताना मी हे कशात मोजणार होतो? शेवटी ट्रॉफ्याच मोजल्या.

तर उशीर करू नका, लवकर भरणाऱ्यांना सवलत असते आणि ती तारीख नेहमी परवाच असते. फॉर्मच्या शेवटी एक रकाना विद्यार्थ्याने स्वतः भरायचा असतो, "या कॅम्पमधून तुला काय शिकायचंय?" तोही तुम्हीच भरून टाका. फक्त दोन-तीन स्पेलिंग चुकवा, म्हणजे त्यानेच लिहिल्यासारखं वाटेल.