वारा लागेल म्हणे!

आज संध्याकाळी मैत्रिणीचं बाळ बघायला गेले होते. तीन महिन्यांचं आहे. आनंदात गेले आणि डोकं भणभणत परत आले, म्हणून आत्ताच्या आत्ता हे लिहायला बसलेय.

खोलीचं दार लावलेलं, खिडक्या बंद, वर जाड पडदे, फटींना चिकटपट्टी. हीटर चालू. बाळापासून चार हातांवर डासांची कॉइल धुमसतेय आणि तिचा वास येऊ नये म्हणून वरून रूम फ्रेशनर मारलेला. आत आम्ही सहा मोठी माणसं. मी वीतभर खिडकी उघडली तर तिच्या सासूबाई धावत आल्या. "अगं, वारा लागेल त्याला!" अर्ध्या मिनिटात खिडकी पुन्हा बंद.

वारा लागेल म्हणे. आणि धूर नाही लागत? एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. त्या खोलीत कुणी एक सिगारेट पेटवली असती तर त्याच काकूंनी त्याला हाकलून दिलं असतं!

मला एवढा राग का येतो, तेही सांगते. दोन हिवाळ्यांपूर्वी बाबांची खोली मी अशीच बंद केली होती. थंडी आत येऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत जुना टॉवेल मी माझ्या हाताने कोंबला होता. बाबांचा खोकला काही केल्या जाईना. औषधं बदलली, वाफारे झाले. मग एक दिवस त्यांचा चष्मा कपाटामागे पडला म्हणून कपाट सरकवलं, तर मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी! बोट लावलं तर बोटाला ओल आली. कपाटातल्या शालीला कुबट वास. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खोलीची खिडकी कधी उघडता?" मला उत्तर देता आलं नाही.

अहो, आपण श्वास सोडतो त्यात वाफ असते. खोलीत वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांतून तीच येते. बाहेर पडायला वाट नसली की ती गार भिंतीवर जाऊन बसते आणि तिथे बुरशी धरते. हीटर हवा तापवतो, बदलत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. बंद खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली की तो हजाराच्या वर सहज जातो. सकाळी डोकं जड होतं त्याला आपण थंडीचं नाव देतो.

आणि जे कुणी निखाऱ्यांचं घमेलं खोलीत ठेवून दार लावून झोपतात, त्यांच्यापुढे तर मी हात जोडते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. हे करू नका. कुणाला करू देऊ नका.

बाहेरची हवाच खराब असते, असं लगेच कुणीतरी म्हणेल. असते काही दिवस, मान्य. थंडीत पहाटे धूर-धूळ जमिनीलगतच कोंडून राहते, म्हणून पहाटे नका उघडू. दुपारी ऊन तापल्यावर उघडा, समोरासमोरच्या दोन खिडक्या, दहा मिनिटं. खोली काही बर्फ होत नाही. हवा गार होते, पण भिंती आणि सामान ऊब धरून ठेवतात, पाच-दहा मिनिटांत खोली परत उबदार होते. हवा शुद्ध करणारं, चांगल्या फिल्टरचं मशीन असेल तर जरूर लावा, धूळ ते नक्की धरतं. पण कोंदटपणा ते घालवत नाही. कुंड्यांचं तर बोलूच नका! खिडकीइतकं काम करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, मग माणसांनी बसायचं कुठे?

बाबांच्या खोलीत आम्ही दुसरं काहीच केलं नाही. भिंत घासून कोरडी केली, कपाट चार बोटं पुढे ओढलं, टॉवेल काढला, रोज दुपारी खिडकी उघडली. तेवढा वेळ बाबा कानटोपी घालून बाहेरच्या खोलीत बसायचे. महिन्याभरात रात्रीचा खोकला थांबला. औषधांनीही थांबला असेल, पण मला तो टॉवेल अजून डोळ्यांसमोर दिसतो.

एवढं लिहिल्यावर राग जरा उतरलाय. त्या काकूंचं चुकतंय, पण जीव तुटतोय तो बाळासाठीच. मीही टॉवेल बाबांच्या काळजीनेच कोंबला होता ना. मघाशी मैत्रिणीला मेसेज केला, जरा घाबरतच. तिचं उत्तर आलंय: "कॉइल विझवली. खिडकीचं उद्या आईंशी बोलते."

बाळासाठी मच्छरदाणी मी उद्या दुपारीच घेऊन जातेय. काकूंशेजारी बसून मीच सांगेन त्यांना, बाबांच्या भिंतीचं.