ट्रकवर चढलेला माणूस कोणाचा?

‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी जालन्यात वाढलेल्या कोणालाही नवी नाही. माल भरायचा-उतरवायचा खर्च, म्हणजे वाराई, ट्रकवाल्याच्या खिशातून का जावी? ज्याचा माल आहे त्यानंच ती द्यावी, एवढं तिचं म्हणणं. मध्यंतरी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली होती. एका बाजूला स्वतःच्या गाड्या असलेला वर्गमित्र, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात हिशेब बघणारा. मग माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, कायद्याच्या २०२३ च्या सुधारणा विधेयकाचा विषय निघाला. बोगस माथाडींच्या नावाखाली कारखानदारांकडून पैसे उकळले जातात तो निघाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे नवे कायदे, तेही निघाले. सगळं वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. पैसे कोणी द्यायचे यावर प्रत्येक जण तावातावानं बोलत होता. ट्रकवर उभा असलेला माणूस खाली पडला तर त्याची जबाबदारी कोणाची, हे एकानंही विचारलं नाही.

मी जर्मनीत ड्युइसबुर्गजवळ पोलादाच्या एका गोदामात मालाच्या रवानगीचं नियोजन करते. ट्रेलर भरणं, बांधणं, सोडणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून या प्रश्नाला घरच्या वादात जागाच नाही, याचं वाईट वाटतं आणि रागही येतो.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्यांची गाडी भरताना नीट पाहा. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन हमाल फळीवरून हौद्यात जातो, आतला माणूस ते घेऊन थप्पीला लावतो. थप्पी गाडीच्या कडेच्या फाळक्याच्या वर गेली की त्याला धरायला आजूबाजूला काही उरत नाही. शेवटचा थर लागतो तेव्हा तो जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर असतो आणि पायाखाली हलणारी पोती असतात. मग ताडपत्री. वारं असेल तर ती फुगते आणि टोक धरणाऱ्यालाच ओढते. खरा धोका त्याच्याही पुढचा, दोर आवळतानाचा. दोर ताणायला माणूस कडेला पाय रोवतो आणि अंगाचा सगळा भार मागं टाकतो. मागं काहीच नसतं. दोर कुजका निघाला, गाठ सुटली किंवा आकडा निसटला, की तो त्याच झोक्यानं पाठीवर खाली येतो. सळईच्या गाडीवर क्रेननं गठ्ठा टेकवला की साखळी सोडवायला कोणीतरी वर चढतं, गोल सळ्यांवरून चालत जातं, आणि गठ्ठा जरासा फिरला तरी त्याला मागं सरकायला जागा नसते. मणक्याला मार लागलेला माणूस पुन्हा हमालीला उभा राहत नाही. घरचे उपचारासाठी कर्ज काढतात, टोळीतली मंडळी आपापसात वर्गणी करतात. बाकीच्यांच्या लेखी त्याचा पाय घसरला, एवढ्यावर विषय संपतो.

जर्मनीत कामाला लागल्यावर मला आधी एक क्रम शिकवला गेला. माणसाला वर चढायची वेळच येऊ नये असं काम आखायचं. ते जमत नसेल तर कठडा लावायचा. तेही शक्य नसेल तर कमरेचा पट्टा आणि दोर. आणि सांभाळून काम करा ही सूचना सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा आहे. सुरुवातच ‘सांभाळून रे’पासून होते, फार तर एखादं हेल्मेट मिळतं, आणि वर चढणं टाळता येईल का याचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही.

आमच्या हॉलमध्ये ट्रेलर येऊन उभा राहतो तो दोन मंचांच्या मधे. मंच हौद्याच्या उंचीचे आहेत आणि त्यांना कठडे आहेत. क्रेन हलत असेपर्यंत ड्रायव्हरनं आखलेल्या रेषेच्या बाहेर थांबायचं. पत्र्याची कॉइल, म्हणजे गुंडाळी, ट्रेलरच्या तळातल्या खोलगट खाचेत बसते, तिच्याखाली रबराच्या चटया असतात. चटईमुळे माल घसरत नाही, म्हणून पट्टे कमी लागतात, आणि पट्टे कमी लागले की माणसाच्या खेपाही कमी होतात. पट्टा पलीकडे टाकायला कोणी वर चढत नाही. लांब काठीनं तो खालूनच सरकवतात, कडेवर ठेवायची कोपरपट्टीही तशीच बसवतात. पट्टा ताणायचा रॅचेट जमिनीवर उभं राहूनच आवळायचा. हौद्यातून उतरताना तोंड गाडीकडे ठेवायचं, दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. उडी मारायला बंदी आहे. रिकाम्या ट्रेलरचा हौदा जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतो, पण तेवढ्यावरून उडी मारून टाच आणि गुडघा निकामी झालेले ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

माल किती घट्ट बांधायचा हेही अंदाजावर सोडलेलं नाही. पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागं ०.५ पट जोर बांधणीनं सोसला पाहिजे, असं युरोपातलं मानक आहे. दहा टनांची कॉइल असेल तर करकचून ब्रेक दाबल्यावर ती पुढं आठ टनांच्या जोरानं ढकलली जाते असं धरून पट्टे मोजायचे. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी हा हिशेब आहे हे खरं, पण त्याचा फायदा वर चढणाऱ्यालाही होतो. बांधणी आधीच मोजून केलेली असली की वाटेत, अंधारात, धाब्यावर गाडी थांबवून क्लीनरला परत परत वर पाठवावं लागत नाही.

आता जबाबदारीचं. जर्मन व्यापार संहितेच्या ४१२ व्या कलमाप्रमाणे, वेगळा रिवाज नसेल तर, माल वाहतुकीला सुरक्षित राहील असा भरणं, रचणं आणि बांधणं हे माल पाठवणाऱ्याचं काम. गाडी रस्त्यावर सुरक्षित चालेल अशी भरली आहे ना, हे वाहतूकदारानं बघायचं. म्हणजे आमच्या वाहतूकदारांची घोषणा इथल्या कायद्यात आधीपासून आहे. त्याच्या जोडीला १९९६ चा कामगार सुरक्षा कायदा आहे. एकाच जागी वेगवेगळ्या मालकांची माणसं काम करत असतील तर त्या मालकांनी मिळून सुरक्षेची व्यवस्था करायची, असं तो सांगतो. पोलंडच्या कंपनीचा रोमानियन ड्रायव्हर आमच्या आवारात पडला तर तो आमचा माणूस नव्हे असं म्हणून आम्हाला हात झटकता येत नाहीत.

या सगळ्याला धार येते ती पैशामुळे. बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, इथं अपघात विम्याचा कायदा झाला. धंद्याधंद्याचे विमा संघ निघाले, ते आजही आहेत. वर्गणी फक्त मालक भरतात, कामगाराच्या पगारातून त्यासाठी काही कापत नाहीत. उपचार, पुन्हा उभं राहण्यासाठीचा व्यायाम, गरज पडली तर दुसऱ्या कामाचं शिक्षण, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन, हे सगळं त्या वर्गणीतून होतं. साहजिकच पडलेला माणूस संघाला फार महागात पडतो. म्हणून संघ स्वतःचे निरीक्षक पाठवतो, मंच कसा बांधायचा ते सांगतो, जास्त धोक्याच्या धंद्याकडून जास्त वर्गणी घेतो. दीडशे वर्षांच्या आसपास चाललेली ही व्यवस्था कोणाच्या दयेवर उभी नाही, आणि ती टिकली याचं कारण मला तरी हेच वाटतं.

आपल्याकडच्या वाचकाला इथं सगळं आलबेल वाटू नये. २०२३ मध्ये हेसेन राज्यात ग्रेफेनहाउझनच्या महामार्ग थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा देशांतल्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी गाड्या उभ्या करून ठेवल्या होत्या, पुढं त्यांतल्या काहींनी उपोषणही केलं. तसेच लोक आमच्या फाटकावर येतात. कित्येक आठवडे केबिनमध्ये झोपलेले, भाषा न येणारे, पुढच्या ठिकाणची वेळ चुकली तर पैसे कापले जातील या धास्तीत असलेले. सूचनांचा कागद त्यांच्या भाषेत हातात दिला तरी शुक्रवारी दुपारी पाऊस पडत असताना असा माणूस ओल्या हौद्यावर चढतोच. त्याला अडवणं हे माझं काम आहे आणि त्यासाठी गाडी उशिरा सुटली तर मला कोणी बोल लावत नाही. नियम खरा किती आहे ते मी यावरूनच ओळखते.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा कारखान्यातला मित्र म्हणाला, तुमच्याकडे माणूस महाग म्हणून हे परवडतं. ट्रकवाल्याचं उत्तर मला जास्त विचार करायला लावणारं होतं. तो म्हणाला, मंच आले, पट्टे आले, क्रेन आली की हमाल कशाला लागेल? ही भीती खोटी नाही. यंत्रानं रोजी गेल्याची उदाहरणं मोंढ्यातल्या प्रत्येक हमालाला माहीत आहेत. पण कठडा हे यंत्र नव्हे. भिंतीलगत पक्का धक्का, गाडीला कायमची शिडी, कुजका दोर बदलणं, ताडपत्री खालून ओढता येईल अशी आडवी नळी, यांतल्या कशानंही एकाही हमालाचं काम जात नाही. शिवाय हमालांनी स्वतःच्या शरीरासाठी याआधी झगडून मिळवलं आहे. एकेकाळी क्विंटलभराचं पोतं पाठीवर यायचं, ते पन्नास किलोवर आणण्यासाठी संघटना भांडल्या. तेव्हाही व्यापार बुडेल असं म्हटलं गेलंच होतं. खरी अडचण मजुरीच्या पद्धतीत आहे. हमाली नगावर किंवा टनावर मिळते, दोर आवळायला आणि ताडपत्री घालायला लागणाऱ्या वेळेचा त्यात वेगळा हिशेब नसतो. ज्या कामात पडायचा धोका सगळ्यात जास्त, तेच काम सगळ्यात घाईत उरकलं जातं.

नव्या संहितांचं समर्थन करणारे म्हणतात की सुरक्षेची संहिता आली, आता सगळे तिच्या छत्राखाली येतील. ती लागू होते दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. मोंढ्यातल्या आडत दुकानात दिवाणजी धरून तीन-चार माणसं असतात. हमालांची टोळी आज या दुकानाची गाडी भरते, उद्या त्या दुकानाची. दुकानागणिक मोजत गेलात तर दहाचा आकडा भरतच नाही, आणि त्याच आवारात शेकडो माणसं रोज गाड्यांवर चढत-उतरत असतात. बंदरात जहाजावर माल चढवणाऱ्या गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. ट्रकवर माल चढवणाऱ्यासाठी तसं काही आपल्याला सुचलं नाही.

पण महाराष्ट्राकडे एक गोष्ट आहे जी दुसऱ्या राज्यांनीही घ्यावी अशी आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याखालची मंडळं मालधन्याकडून मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक वर्गणी, घेतात, त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, उपचार चालतात. मालधन्यांनी वर्गणी भरायची, कामगार कोणत्याही एका दुकानाचा नसला तरी त्याला संरक्षण मिळायचं. जर्मन विमा संघाचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. नोंदलेले कामगार जिथं काम करतात तिथं आरोग्य आणि सुरक्षिततेचे उपाय करण्याची सोयही त्या कायद्यात ठेवलेली आहे. ती वापरा, एवढंच माझं म्हणणं आहे. मंडळानं प्रत्येक गाडीतळाचा, धक्क्याचा नकाशा करावा. जिथं पक्का धक्का आहे, दोर आणि पट्टे धन्याचे आहेत, तिथं लेव्हीत सूट द्यावी. जिथं माणसं पडतात तिथं ती वाढवावी. पडल्याची प्रत्येक नोंद मंडळात व्हावी, हाड मोडलं नसलं तरी. बोगस माथाडींना हुसकायचं असेल तर जरूर हुसका, खंडणीखोरांची बाजू मी घेणार नाही. पण त्यांच्या निमित्तानं मंडळंच दुबळी झाली तर हे काम करू शकणारी दुसरी संस्था आपल्याकडे नाही. मोडकळीला आलेलं काही सावरायचं असेल तर ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

आणि ऊस. आमच्या मराठवाड्यातून दिवाळीनंतर जे कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते ऊस तोडतात एवढंच आपण बोलतो. तो गाडीत भरायचाही त्यांनाच असतो. डोक्यावर मोळी घेऊन उभ्या फळीवरून किंवा शिडीवरून वर जायचं. गाडी भरत जाते तशी चढण वाढत जाते. गाडी कधी रात्री अकराला येते, कधी पहाटे तीनला. दवानं फळी निसरडी झालेली असते, उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा, आणि मोळी धरायला दोन्ही हात वर असल्यानं फळीला धरायला हात उरत नाही. बायका लुगडं सावरत हेच करतात, दिवस गेलेले असले तरी करतात. इथं माल कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर सोयीनं बदलतं. शेतात असेपर्यंत तो शेतकऱ्याचा, काट्यावर गेला की कारखान्याचा, आणि मधल्या वेळेत पडलेला माणूस मुकादमाचा. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च मात्र कारखानाच शेतकऱ्याच्या बिलातून कापून घेतो. मग भरणीची व्यवस्था कारखान्याची का नसावी?

दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना पुण्याच्या साखर आयुक्तालयातून घ्यावा लागतो. त्यात भरणीची एक अट घालता येईल. रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली, एका बाजूला धरायला दांडा असलेली आणि गाडीला वर अडकवता येईल अशी फळी प्रत्येक वाहनाबरोबर कारखान्यानं द्यायची. रात्री भरणी असेल तर दिवा द्यायचा. गरोदर बाईला फळीवर चढवायचं नाही. फळीची उंची एका मर्यादेपुढे गेली की वरचा ऊस यंत्रानं भरायचा. पडलेल्या माणसाच्या उपचाराचं पहिलं बिल कारखान्यानं भरायचं, आणि मुकादमाशी हिशेब नंतर करायचा.