धूर दिसत नाही म्हणून ती चूल तंबूत पेटवू नका

गेल्या रविवारी डिचोलीला बहिणीकडे गेले, तर भाचा मागच्या पडवीत खिळा-हातोडी घेऊन पत्र्याच्या डब्याला भोकं पाडत बसलेला. मित्रांबरोबर पावसात तंबू ठोकून राहायचा बेत आहे, त्यासाठी चूल बनवणं चाललं होतं. कृती कुठून आणली विचारलं, तर फोन पुढे केला. आमच्या घरच्या गटात दोनदा येऊन गेलेला तोच मेसेज. तेव्हा न वाचता पुढे सरकले होते, त्याचा आता राग येतोय.

मेसेज थोडक्यात असा: बाहेर रंगाचा रिकामा डबा, आत भोकं पाडलेला जीआय पत्र्याचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा डबा, की झाली बिनधुराची चूल. धूर नाही म्हणजे विषारी वायू नाही, तेव्हा पावसात तंबूत किंवा बंद खोलीत खुशाल पेटवा. आपल्या आज्या जन्मभर चुलीपुढेच बसल्या, त्यांना काय झालं? जळण काहीही चालतं, काजूची टरफलं सर्वांत उत्तम. भांडं म्हणून जीआयचीच छोटी बादली घ्या. आग डब्यात असल्यामुळे जंगलात परवानगी लागत नाही. सिलिंडर दुप्पट दिवस जातो.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. चूल खरंच कमी धूर करते. भाच्याने अंगणात पेटवून दाखवली. करवंट्यांचे तुकडे भरले आणि वरून पेटवलं. दोन-तीन मिनिटं धूर आला, मग आतल्या डब्याच्या काठाखालच्या भोकांतून ज्योतींचं कडं उमटलं आणि धूर गेला. दोन डब्यांमधल्या फटीतून हवा तापून वर येते आणि धुरातला जळण्याजोगा वायू तिथेच पेटतो. जळण कोरडं असेल तर हे होतं. "मावशे, धुंवर ना पळय," तो म्हणाला. खरंच नव्हता.

पण धूर नाही म्हणजे विष नाही, हे कोणी ठरवलं? कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. या चुलीत तो सर्वांत जास्त सुटतो तो ज्योत विझून निखारे उरल्यावर. म्हणजे जेवण झालंय, बाहेर पाऊस कोसळतोय, 'ऊब राहू दे' म्हणून डबा आतच ठेवलाय, नेमकं तेव्हा. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. दिवसभर चालून दमलेल्या पोरांना ती थकव्याचीच झोप वाटणार.

जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये घरातल्या हवेसाठी मर्यादा घालून दिल्या. एका घनमीटर हवेत हा वायू तासाभरासाठी 35 मिलिग्रॅम, आणि 100 मिलिग्रॅम असेल तर फक्त 15 मिनिटं. आता हिशेब करा. दोघांच्या तंबूत हवा असते साधारण दोन घनमीटर. म्हणजे अख्ख्या तंबूत मिळून 200 मिलिग्रॅम वायू झाला की ती 15 मिनिटांची मर्यादा गाठली. चिमूटभर मिठाइतकंही हे वजन नाही. डबाभर निखारे याच्या कित्येक पट वायू सोडतात. 'तंबूची चेन थोडी उघडी ठेवली की झालं' अशी पुस्तीही कोणीतरी खाली जोडली आहे. नाही होत. पावसाची झड आली की ती चेन पहिली बंद होते.

आणि आज्यांचं. आमची आजी ज्या स्वयंपाकघरात बसायची त्याला डोक्यावर कौलं होती. कौलांच्या फटींतून धूर बाहेर पडायचा, आढं काळं झालेलं असायचं. न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली रात्रंदिवस विस्तव असायचा, पण न्हाणी घराच्या कडेला आणि तिलाही कौलंच. आजच्या फ्लॅटला वर स्लॅब आणि सरकत्या काचा. दोन्हींची बरोबरी कशी करता? शिवाय 'काय झालं' याचं उत्तरही आहे. घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं गेली, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. आजी शेवटची काही वर्षं भिंतीला टेकून बसून झोपायची. आडवी झाली की दम लागायचा. हे त्या मेसेजवाल्याला ठाऊक नसेल, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता जीआय पत्रा. त्याची चकाकी म्हणजे वर चढवलेलं जस्त. ते 419 अंशांना वितळतं, 907 ला उकळतं, आणि लालभडक निखाऱ्यांशेजारी त्याची वाफ होऊ लागते. भाच्याने अंगणात चूल पेटवून दाखवली होती. तो आतला डबा हातात घेतला. काठाची चकाकी गेलेली, जागोजाग पांढरी भुकटी, बोट फिरवलं तर बोटाला लागली. ते जस्ताचं ऑक्साइड. त्याची धुरी छातीत गेली तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पण पावसाळ्यात गोव्यात थंडी-ताप आला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळ्या तपासण्या होणार, आणि चुलीचं नाव कोणी डॉक्टरला सांगणार नाही. त्याच पत्र्याच्या बादलीत रांधणं तर त्याहून वाईट. आमच्याकडे आमटीत सोलं (आमसुलं) पडतात, चिंच पडते. आंबटाने जस्त सुटतं आणि पोटात जाऊन उलट्या होतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवू नये हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, त्याच घरांतून हा मेसेज पुढे जातोय.

रंगाच्या डब्यात रंगाचा थर उरलेला असतो, तो जळतो. बाद. काजूच्या टरफलांत तेल असतं, ते कातडीला भाजतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. करवंट्या आणि नारळाची सुकी सोडणं असताना ती हवीत कशाला? सिलिंडर थोडा वाचेल, अंघोळीचं पाणी बाहेर तापवलंत तर.

परवानगीचं मात्र साफ खोटं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, कलम 30: अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे आग पेटवायला किंवा जळती सोडायला मनाई आहे. डब्यातली आग चालते असं त्यात कुठेही नाही. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यातले वणवे विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती, ते गोव्यात राहून कसं विसरता?

भाच्याच्या हातची कला वाया जाऊ नये असं मलाही वाटतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून स्टीलचे दोन साधे डबे, एकात एक बसणारे, आणून दिलेत. भोकं तोच पाडतोय. भांडं घरातला स्टीलचा टोप. तंबू सत्तरी तालुक्यात ओळखीच्यांच्या कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत), त्यांना विचारून. चूल तिथल्या मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) उघड्या ओट्यावर राहील, आणि झोपायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी ओतून तसा फोटो मला पाठवायचा, एवढं कबूल करून घेतलंय.