मोशेने जोडे परत घातले का?

परवा सावेडीत एका घरी प्रार्थनेला गेलो आणि अनवाणी परत आलो. सँडल नवे होते. चौदाशे रुपये. कापडबाजारात बायकोने घासाघीस करून सोळाशेवरून खाली आणलेले आणि तेव्हापासून माझ्या पायात जेमतेम तीनदा गेलेले.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. त्यात रोज संध्याकाळी मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. पेटी, तबला, दोन-तीन गाणी, संदेश, साक्षी, शेवटी चहा आणि चिवडा. हॉलमध्ये पस्तीस माणसं आणि दाराबाहेर सत्तर चपला. नगरला (अहिल्यानगर म्हणायचं आता, जीभ अजून वळत नाही) मार्चमध्ये रात्री नऊलाही जिना तापलेला असतो. हे मला परवा पायाने कळलं.

चहाचा दुसरा कप घेतला ही माझी चूक. बाहेर आलो तर चपलांचा ढीग ओसरलेला. लहान मुलांच्या दोन-चार जोड्या, घरमालकांची स्लिपर आणि एक जुना तपकिरी सँडलचा जोड. लांबून माझाच वाटला, जवळ जाऊन पाहतो तर टाच एका बाजूने पार झिजलेली. आठ नंबर. माझा दहा.

दारालगत खुर्ची टाकून धडेमावशी बसल्या होत्या. नातू स्कूटर घेऊन येईपर्यंत त्यांना वेळच वेळ होता.

धडेमावशी हे काही त्यांचं नाव नव्हे. मराठी शाळेत चौतीस वर्षं धडे शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून समोर येईल त्यातून धडा काढतात, म्हणून आम्ही पाडलेलं नाव. दूध उतू गेलं की "माझा प्याला भरून वाहतो". लाइट गेली की घरात मेणबत्ती न ठेवणारी मूर्ख कुमारी कोण, याची चौकशी. एकदा आमच्याकडे कुकरची शिट्टी बसेना, तेव्हा बायको ओट्यापाशी धावत असताना त्यांनी शांतपणे, सातव्या दिवशी रणशिंगांच्या आवाजाने कोसळलेल्या यरीहोच्या भिंतींचं निरूपण केलं होतं. वरण छतापर्यंत गेलं होतं.

"काय शोधतोयस रे बाळा?"

"सँडल, मावशी. तपकिरी. नवे होते."

"नवे?" मावशींनी डोळे मिटले. "म्हणजे तुझं मन त्यांच्यात होतं."

"मन नाही, पाय होते."

"निर्गम, तिसरा अध्याय, पाचवं वचन. काढ."

"आत्ता?"

"मोबाइलमध्ये बायबल आहे ना तुझ्या? काढ."

आता शहात्तर वर्षांच्या बाईला, तेही जिन्यात, नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ट्यूबलाइटखाली उभं राहून, एका तळव्यावर दुसरा पाय घासत, मी मोशेचं जळतं झुडूप मोठ्याने वाचलं. देव म्हणतो, पायांतले जोडे काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले, माझ्या पायांकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि बादली घेऊन परत आत गेले.

"कळलं?" मावशी.

"मावशी, मोशेने स्वतः काढले होते. आणि काढलेले तिथेच होते. चोरीला गेले असं कुठे लिहिलेलं नाही."

"परत घातले असं तरी कुठे लिहिलंय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन मी तिसरा आणि चौथा अध्याय दोनदा वाचून काढला. मोशे मिसरला परत जायला निघतो, बायको-मुलांना गाढवावर बसवतो, हातात काठी घेतो. जोड्यांचा उल्लेख नाही. बाईने पॉइंट पकडला होता.

"अनुवादाचं पुस्तक, एकोणतिसावा अध्याय बघ," मावशींना आता उतारावर गाडी लागली होती. "चाळीस वर्षं रानात चालले, जोडे झिजले नाहीत."

"माझेही झिजले नाहीत मावशी. झिजू दिलेच नाहीत कोणी."

"बंडी मागेल त्याला अंगरखाही दे, म्हटलंय प्रभूने."

"म्हणजे काय करू? बिल आणि खोका पण पोचवू त्याला? बदलून घ्यायला बरं पडेल."

"राग आला तुला." मावशी समाधानाने म्हणाल्या. बोर्डावरचं गणित बरोबर आलं की बाई जशा खडू खाली ठेवतात, तसा त्यांनी चष्मा पुसला. "राग येतोय तिथेच धडा आहे. तो जोड पडलाय ना, तो घालून जा. देवाने तुझ्यासाठीच ठेवलाय."

"देवाला माझा नंबर माहीत असता, मावशी."

त्यांनी लुगड्याचा काठ पायांवर नीट ओढून घेतला आणि नातवाला फोन लावला. मी खाली उतरलो. गेटपाशी पाइपलाइनसाठी रस्ता खणलाय, त्याची खडी. माझ्या स्कूटरचं बटण तीन महिन्यांपासून बंद आहे आणि किकचं रबर त्याच्याही आधी पडलंय. उघड्या तळव्याने ती लोखंडी दांडी सहा वेळा मारली. सातव्याला सुरू झाली. यरीहो आठवलं आणि जास्तच डोकं फिरलं.

घरी सहानुभूती मिळेल असं वाटलं होतं. बायको म्हणाली, "चौदाशेचे?" मग थोडं थांबून पुन्हा, "चौदाशेचे?" मुलगी सहावीत आहे, संडेस्कूलला नियमित जाते. तिने विचारलं, "पप्पा, क्षमा केली का त्याला? साताच्या सत्तर वेळा करायची असते." म्हटलं, केली. ती वही घेऊन आली. सत्तर गुणिले सात चारशे नव्वद, त्यातून एक गेला, उरले चारशे एकोणनव्वद जोड, गुणिले चौदाशे. "सहा लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे," ती म्हणाली, "एवढं तरी लागेल." गणितात तिला गेल्या परीक्षेत बासष्ट मिळाले होते. कुठे जातं हे डोकं तेव्हा?

रात्री झोप येईना. तळवा ठणकत होता. उधळ्या पुत्राची गोष्ट डोक्यात आली, कारण तीत बाप नोकरांना सांगतो, ह्याला उत्तम झगा घाला, हातात अंगठी, पायांत जोडे. लहानपणापासून हा दाखला ऐकतोय, पण ते जोडे आले कुठून हा प्रश्न परवा पहिल्यांदा पडला. पोरगा अवचित दारात उभा. तेव्हा काय कापडबाजार उघडा होता? घरात दुसरा तरुण मुलगा एकच. थोरला. तो शेतावरून येतो आणि आत यायला तयार नसतो, त्याचं कारण प्रवचनात धाकट्यासाठी कापलेलं वासरू सांगतात. माझं मत आता वेगळं आहे.

आमच्या समाजाला अवचित घटनांचं कौतुक फार, हेही खरं. रेव्हरंड टिळकांपासूनचं आहे ते. नारायण वामन, लोकमान्य नव्हेत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं, आपल्याही डब्यात काहीतरी घडणार. मी वीस वर्षं पुण्याला जा-ये करतोय. मला डब्यात अजून खिडकी मिळालेली नाही.

आणि खरं सांगायचं तर धड्यांचा मला कंटाळा आलाय. आई अकरा दिवस दवाखान्यात होती तेव्हा भेटायला येणारा जो तो, देव तुला यातून काय शिकवतोय, हे मला सांगून जायचा. एक म्हणाला धीर, एक म्हणाला नम्रता, एकाने तर पैशाचा मोह म्हटलं, आणि मी तेव्हा मेडिकलच्या दुकानात उधारी मागत होतो. बायबलात सगळं गमावून बसलेल्या इयोबाचे मित्र आले ते सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि पुस्तकाची पुढची तीस-पस्तीस पानं वादात गेली. आमच्याकडे ते पहिले सात दिवस कोणी पाळत नाही. तू जेवलास का, हे अकरा दिवसांत एकाच माणसाने विचारलं. विचारलं म्हणजे, विचारलं नाहीच, रोज दुपारी रिक्षाने डबा घेऊन आली. दोन ज्वारीच्या भाकरी, पिठलं, कांदा. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीने कागद लावलेला: मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही.

हो, त्याच. म्हणून मला धड चिडताही येत नाही.

काल प्रार्थना आमच्या घरी होती. मी आत बसलोच नाही. दारात स्टूल टाकून चपलांवर लक्ष ठेवून बसलो. पाळकसाहेब येताना म्हणाले, "अहो, आत या की." म्हटलं, "मत्तय चोवीस. चोर कोणत्या प्रहरी येईल हे घरधन्याला कळलं असतं तर तो जागा राहिला असता." साहेब हसले, पण आपले बूट त्यांनी जरा भिंतीकडे सरकवले.

सगळ्यांत शेवटी नातवाचा हात धरून धडेमावशी आल्या. कठड्याला टेकून एक पाय सोडवला, मग दुसरा. तपकिरी. नवे. एक उलटा पडला तर तळाला चौदाशेचं स्टिकर.

"मावशी," मी म्हणालो.

"सलाम बाळा," म्हणत त्या आत गेल्या. आत गाणं सुरू झालं होतं.

साक्षीची वेळ आली तशी मावशी उठून उभ्या राहिल्या. मी दारातून पाहत होतो. म्हणाल्या, दिवाळीपासून माझ्या पायांना सूज आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बायकांच्या चपला होत नाहीत म्हणून नातवाचे जुने सँडल घालते, तेही करकचून बसायचे. परवा सावेडीच्या प्रार्थनेत मी प्रभूला म्हटलं, बस झालं आता. आणि प्रार्थना संपल्यावर बाहेर येऊन पाय घातले तर सँडल सैल! इतके सैल, की पुढे दोन बोटं जागा उरली. डॉक्टरांना जे पाच महिन्यांत जमलं नाही, ते प्रभूने एका संध्याकाळी केलं.

मावशी रडत होत्या. "आमेन," पाळकसाहेब म्हणाले. "आमेन, आमेन," पस्तीस माणसं म्हणाली. बायकोने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावरून चपलांच्या ढिगाकडे गेली, एका जागी थांबली आणि परत माझ्यावर आली. दोन्ही भुवया वर.

"आमेन," मी म्हणालो.

निघताना मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "राग गेला का रे?" आणि कठडा धरून उतरायला लागल्या. प्रत्येक पायरीवर टाच फट्ट करून आपटत होती.

"सावकाश, मावशी. दहा नंबर आहे."

"काय म्हणालास?"

"काही नाही. सलाम."