तोंडाला फेस

आंघोळीला गेल्यावर ज्याच्या बाथरूममधून फक्त बादलीत नळ पडल्याचा आवाज येतो आणि बाहेर आल्यावर ज्याच्या मानेवर कालची धूळ जशीच्या तशी असते, अशा मुलाने जेवताना एकदम "बाबा, मला फेसवॉश हवाय" म्हटलं, तर घरातल्या मोठ्या माणसांनी काय समजायचं? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने आमटीचा डाव हातात तसाच धरून विचारलं, "का रे, साबणाला काय झालं?"

साबणाला काही झालं नव्हतं, ईशानच्या कपाळाला झालं होतं. केस वर सारून त्याने दाखवलं. केसांच्या कडेला लागून खसखशीएवढ्या बारीक पुटकुळ्यांची ओळच्या ओळ, आणि नाकाच्या शेंड्यावर चार-दोन काळे ठिपके. वय वर्षं अकरा, इयत्ता सहावी, आणि वर्गात एव्हाना 'रवा इडली' म्हणून बारसंही उरकलेलं.

निदान जागच्या जागी झालं. आई म्हणाली, तोंड धुवत नाही म्हणून. बायको म्हणाली, ते पाच रुपयांचे कुरकुरीत काहीतरी खातो म्हणून. मी म्हणालो, वयच आहे, होतंच. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि पुढे डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं तेव्हा मी आधी बोललो होतो हेही कुणाला आठवलं नाही.

आईने दुसऱ्याच दिवशी डाळीचं पीठ, साय आणि आंबेहळद कालवली. दिवाळीच्या उटण्याच्या वेळी नरकासुराला जितका त्रास झाला नसेल तितका त्या लेपाने ईशानला झाला, कारण आईचा हात भांडी घासून तयार झालेला आहे. कपाळ लाल, कानाच्या पाळ्या पिवळ्या आणि भुवईत बेसनाच्या गुठळ्या अशा अवतारात मुलगा शाळेत गेला. 'रवा इडली'ला बढती मिळून त्याचा 'ढोकळा' झाला.

मग बायकोने पुण्याला बहिणीला फोन लावला. मेहुणीच्या बारा वर्षांच्या मुलीकडे म्हणे यातलं सगळं ज्ञान आहे. ती व्हिडिओवर आली आणि तिने मागचं कपाट दाखवलं. सीरम, टोनर, व्हिटॅमिन सी, आणि एका छोट्या बाटलीत रेटिनॉल. रेटिनॉल हे मुख्यतः सुरकुत्यांसाठी वापरतात. या पोरीची शेवटची दुधाची दाढ गेल्याच महिन्यात पडली, आणि तिला सुरकुत्यांची धास्ती! तिने ईशानला विचारलं, "तुझं रूटीन काय आहे?" ईशान म्हणाला, "सात वीसची स्कूलबस."

शेवटी आम्ही दोघं पुरुष डोंबिवलीच्या स्टेशन रोडवरच्या मेडिकलमध्ये गेलो. माझी समजूत अशी की "एक फेसवॉश द्या" म्हटलं की एक फेसवॉश मिळतो. मेडिकलवाल्याने विचारलं, "स्किन टाइप?" मी म्हटलं, "मराठी." तो हसला नाही. त्याने हाताने भिंत दाखवली. अख्खी भिंत. कडुलिंब, पपई, केशर, कोरफड, लिंबू, काकडी. एका भाजीवालीकडे एवढं नसतं. शिवाय सगळ्यावर एकच वाक्य, डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड. मी त्यावर बराच विचार केला. टेस्ट केली, बरं. पुढे? एखाद्या मुलाने घरी येऊन "परीक्षा दिली" एवढंच सांगावं आणि मार्कांचं नाव काढू नये, तसलं ते वाक्य आहे.

ईशान मात्र भिंतीकडे बघतच नव्हता. तो एका काळ्या ट्यूबसमोर समाधी लावून उभा होता. ट्यूबवर चारकोल लिहिलेलं, खाली मोठ्या अक्षरांत 'मेन', आणि दाढीवाला माणूस तोंडावर पाणी मारतोय, तेही असं की पाणीच घाबरलंय. ज्याला अजून सायकलच्या चेनला हात लावायला मी लागतो, त्याला 'मेन' हवं होतं. मेडिकलवाल्याने दोन टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला पुढे केला. "हा स्ट्राँग आहे, आठ दिवसांत सफाया." त्याच्या शेजारी अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब होता. अक्रोडाचं टरफल फोडायला आमच्याकडे दाराची फट वापरतात; ते मुलाच्या नाकावर घासायचं?

"माइल्ड काही?" मी विचारलं.

मेडिकलवाल्याच्या चेहऱ्यावरचा उत्साहच गेला. "माइल्ड म्हणजे मग... डॉक्टरला विचारा," तो म्हणाला.

तर डॉक्टर. आई हट्टाने बरोबर आली, 'एवढ्याशा पुटकुळ्यांना डॉक्टर कशाला' हे डॉक्टरांना समक्ष सांगायला. मॅडमनी भिंगाचा दिवा लावून ईशानचं कपाळ पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डोक्याला तेल कोण लावतं?"

आईने अभिमानाने हात वर केला. रोज रात्री, खोबरेल, चांगलं कोमट करून, टाळूवर थापून, उरलेला हात कपाळावर फिरवून. मॅडमनी मान डोलावली. "तेच," त्या म्हणाल्या. खोबरेल कपाळावर उतरतं, छिद्रांची तोंडं बंद करतं, म्हणून पुटकुळ्या बरोबर केसांच्या कडेलाच आहेत. दुसरा प्रश्न क्रिकेटचा होता. हेल्मेटच्या आतला स्पंज, घाम आणि घासणं, हे दुसरं कारण. तिसरं कारण वय. दाढीमिशा फुटायच्या बऱ्याच आधी, याच सुमाराला, हार्मोन्समुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जाग्या होतात. तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्रात बूच बसतं. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. बुचाचं उघडं तोंड हवेला लागून काळं पडतं. ते घासून जात नाही, घासलं तर उलट चिडतं.

हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोरून मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांची खरवडलेली नाकं सरकली. आई गप्प होती. हे फार क्वचित होतं आणि चांगलं लक्षण नसतं.

मॅडमनी कागदावर लिहून दिलं ते अगदीच निराशाजनक होतं. वास नसलेला, साबण नसलेला, साधा क्लेन्झर. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि खेळून आल्यावर. हरभऱ्याएवढा घ्यायचा, बोटांनी हलकेच फिरवायचा, साध्या पाण्याने धुवायचं, टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. फोडायचं नाही. वर हलकं मॉइश्चरायझर. अ‍ॅसिडबिसिड आत्ता नको, लागलंच तर मी सांगेन. मी विचारलं, "कुठल्या कंपनीचा?" त्या म्हणाल्या, "ज्याची जाहिरात तुम्हाला आठवत नाही तो."

तो मिळाला. पांढरी बाटली, निळं झाकण, दाढीवाला नाही, काकडी नाही, काही म्हणजे काही नाही. किंमत मात्र काकडीवाल्याच्या तिप्पट. फोनचा कॅमेरा मोठा करून मी मागची यादी वाचली. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, आणि पहिलंच नाव होतं अ‍ॅक्वा. म्हणजे पाणी. पाणी आमच्याकडे सोमवार सोडून रोज येतं. पुढे ग्लिसरीन, आणि मग कोकामिडोप्रोपिल बीटेन, जे मळ आणि तेल उचलतं पण त्वचेला फार ओरबाडत नाही. हे बहुधा खोबरेल तेलापासून बनवतात, असं मी नेटवर वाचून मोठ्याने सांगितलं. ते सांगायला नको होतं.

"खोबऱ्याचंच ना?" आई म्हणाली. "मग मी काय वेगळं लावत होते?"

पहिल्या दिवशी बेसिनपाशी सगळे जमलो. ईशानने हरभऱ्याएवढा थेंब घेतला, तोंडावर फिरवला. काही झालं नाही. फेस नाही, वास नाही, गारगार चुरचुर नाही. तोंडावर पातळ साय पसरल्यागत काहीतरी दिसलं आणि पाण्याबरोबर निघून गेलं. ईशानने तोंड चाचपलं. "संपलं?" आई म्हणाली, "खराब निघालाय, परत दे." बायकोने एक्सपायरी डेट पाहिली. साबणाने धुतल्यावर गाल कसा ताणतो, बोट फिरवलं तर करकर वाजतं, तसलं काही यात नव्हतं. चेहरा धुण्याआधी होता तसाच मऊ. एवढे पैसे मोजून काहीच होत नाही, ही गोष्ट मध्यमवर्गीय माणसाला फार लागते. मला ती सहन व्हायला मॅडमचा कागद दोनदा वाचावा लागला.

मग मी भाषण केलं. पीएच म्हणजे आम्ल-अल्काचं माप: सात मधोमध, खाली आम्ल, वर अल्क. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५.५. साबण अल्कधर्मी, ९ ते १०. आपला साबण अगदी ग्रेड वन असला, वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के छापलेलं असलं, तरी ते त्यातल्या तेल-चरबीच्या अंशाचं माप आहे, पीएच त्याने खाली येत नाही. आई म्हणाली, "मला ते तुझं पीएचडी सांगू नकोस." पण ईशानचे कान टवकारले होते. आम्ल-अल्क ओळखायला हळद चालते, हे त्याने कुठल्याशा प्रयोगाच्या पुस्तकात वाचलं होतं. पाच मिनिटांत त्याने आजीच्या मिसळणाच्या डब्यातली हळद पाण्यात कालवली, चित्रकलेच्या वहीचं पान रंगवलं, पंख्याखाली वाळवलं आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. ओटा, कात्री, टी-शर्ट आणि मांजर पिवळं झालं. मांजर आमचं नाही, शेजाऱ्यांचं आहे.

पहिली पट्टी माझ्या ग्रेड वन साबणाच्या ओल्या वडीवर टेकवली. पिवळ्याचा तांबडा-विटकरी रंग आमच्या डोळ्यांदेखत चढत गेला. दुसरी, खायच्या सोड्याच्या पाण्यात: लाल. तिसऱ्या पट्टीवर त्या मुक्या बाटलीतला एक थेंब. पिवळी. दोन मिनिटांनीही पिवळीच. हळद आम्लालाही पिवळी राहते आणि साध्या पाण्यालाही, त्यामुळे ५.५ की ७ हे तिच्याकडून कळणार नव्हतं, पण अल्क नाही एवढं तिने स्पष्ट सांगितलं. ईशानला उटण्याचीही चाचणी घ्यायची होती. उटण्यातच हळद असल्यामुळे परीक्षक आणि उमेदवार एकच होत होते, म्हणून ते रद्द केलं.

आईने लाल पट्टी उचलून उजेडात धरली. "हे तर कुंकू झालं," ती म्हणाली. "हळदीला चुन्याचं पाणी दाखवलं की असंच होतं. माझी आजी घरी करायची." आणि मग जरा थांबून, "म्हणजे साबणात चुना असतो?" चुना नाही, पण जात तीच, असं मी म्हटलं. अकरा वर्षांच्या नातवाचं, डॉक्टरीणबाईंचं आणि माझं जे तिने ऐकलं नव्हतं, ते तिने हळदीचं ऐकलं. त्या रात्री तेलाची वाटी आली खरी, पण बोटं टाळूच्या मागेच फिरली आणि उरलेला हात आईने स्वतःच्या टाचांना पुसला.

कपाळ निवळायला महिना-दीड महिना गेला. नाकावरचे ठिपके अजून आहेत, आणि मॅडम म्हणतात पुढची काही वर्षं येत-जात राहतील. हेल्मेटच्या आत आता धुतलेला सुती रुमाल असतो. बाटली मात्र दीड महिना टिकायची ती वीस दिवसांत संपते, कारण बायकोही तीच वापरते. मीही वापरतो, दाराला कडी लावून. ईशानचा त्या काळ्या ट्यूबवरचा जीव काही गेलेला नाही. आजीने त्यावर एकदाच मत दिलं, की आम्ही जन्मभर कोळशाने दात घासले, तोंड नाही.

पट्ट्या उरल्या होत्या त्या आईने डब्यात घालून ठेवल्यात. परवा तिने आपल्या चंदनाच्या साबणाला एक लावली. लालभडक. मी म्हटलं, आई, तुलाही ती पांढरी बाटली आणू का? तिने पट्टी केराच्या डब्यात टाकली आणि साबण उचलून आंघोळीला निघाली. "मला कुठे आता पुटकुळ्या यायच्यात!"